हा इम्रान शेख कोण?

हा इम्रान शेख कोण, हा प्रश्न इम्रान शेखने कंपनीच्या बसमध्ये खिडकीशेजारी बसून वाचला. पहिली पाळी सुटली होती, बस रांजणगावातून निघून शिरूरच्या रस्त्याला लागली होती, आणि सकाळपासून त्याने पहिल्यांदाच फोन हातात घेतला होता. आधी त्याला काही वाटलंच नाही. कुणीतरी आपलं नाव घेतंय एवढंच कळलं, आणि हाक आली की मान वळते तसा अंगठा स्क्रीनवर आपोआप सरकला. मग अंगठा जागीच थांबला. कारण ज्या ग्रुपमध्ये हा प्रश्न पडला होता तिथे इम्रान शेख नावाचं कुणी नव्हतंच. तिथे तो घोडकाठ होता. शिरूरला लागून घोड नदी वाहते, तिच्या काठचा म्हणून घोडकाठ. सगळे त्याला घोडकाठदादा म्हणायचे. पुण्याचे, साताऱ्याचे, दौंडचे, कुठकुठले लोक इतकी वर्षं त्याच्याशी तावातावाने भांडले होते, पण त्याचं आडनाव विचारावं असं एकालाही कधी वाटलं नव्हतं. कशाला वाटेल? त्यांनी ते आपापल्या मनाशी ठरवून टाकलेलं होतं, आणि त्यानेही ते ठरवू दिलं होतं.

प्रश्न विचारणारा रविराज. दौंडचा, रेल्वेत सिग्नलच्या कामावर. त्याला इम्रानने कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्याचा आवाज ओळखीचा होता, कारण रविराजला लिहायचा कंटाळा आणि बोलायची हौस. आज मात्र त्याने लिहिलं होतं, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. ‘आपल्या चंद्रोदयात या माणसाने बदल घुसवलाय. सगळ्या गावांच्या वेळा पुढं गेल्यात. आन् आज संकष्टी. नेमकी आजच. कुणी ओळखतं का याला?’ त्याखाली एकाने लिहिलं होतं, ‘नावावरूनच कळतंय की.’ दुसऱ्याने, ‘मुद्दाम केलंय, बायकांचे उपवास मोडायला.’ तिसऱ्याने, ‘स्क्रीनशॉट काढून ठेवा, लागतील.’ चौथ्याने नुसते लाल तोंडाचे रागावलेले चेहरे टाकले होते, ओळीने. आणि सगळ्यात खाली पुन्हा रविराज: ‘घोडकाठदादा, तुम्हीच बघा आता. त्या गणितातलं तुमच्याइतकं कुणाला कळत न्हाई. तुम्ही म्हणाल तसं करू.’

इम्रानने फोन पालथा करून मांडीवर ठेवला. शेजारी जयसिंग बसला होता, निमोण्याचा, त्याच्याच लाईनवर काम करणारा. डबा पायाशी, डोळे मिटलेले. पण मिटलेले म्हणजे मिटलेलेच असतात असं थोडंच आहे? मघाशी त्याने बघितलं असेल का? नाव मोठ्या अक्षरात होतं. बसच्या दांड्याला लोंबकळणारी मंडळी, पुढे मोठ्याने रील ऐकणारा पोरगा, आरशातून मागे बघणारा ड्रायव्हर, सगळे नेहमीचेच होते, आणि सगळ्यांची नावं त्याला पाठ होती. आज पहिल्यांदाच त्याने ती नावं मनातल्या मनात एकेक करून घेतली आणि प्रत्येक नावापुढे थांबून पाहिलं. मग स्वतःचीच लाज वाटली. जयसिंगच्या लग्नात आपणच मांडवात लाईट जोडले होते, आणि आता त्याचाच संशय! पण लाज वाटली म्हणून भीती गेली नाही. दोघी शेजारी शेजारी बसून राहिल्या.

चूक साधी होती, इतकी साधी की हसू यावं. चंद्रोदय हा त्या ग्रुपने मिळून केलेला प्रोग्राम. फोनवर आपल्या गावाचं नाव टाकलं की संकष्टीला चंद्र कधी दिसणार ते सांगतो. पैसे नाहीत, जाहिरात नाही, आणि आतलं सगळं उघडं: कुणीही वाचावं, कुणीही सुधारावं, कुणीही उचलून घरी न्यावं. त्यात एक खोट होती, ती इम्रानला बरेच महिने खुपत होती. प्रोग्राम चंद्राला ताऱ्यांइतका लांब धरत होता. चंद्र तर जवळचा, अगदी घरातला, म्हणून तो आपल्याला जरा खाली दिसतो आणि चार-पाच मिनिटं उशिरा वर येतो. तेवढी मिनिटं बायका ताट घेऊन गच्चीवर उगाच ताटकळतात. परवा सुट्टीच्या दिवशी त्याने हे गणित बसवलं, पडताळलं, आणि खुशीत पाठवून दिलं. फक्त ते पाठवलं नव्या लॅपटॉपवरून. त्यावर कंपनीच्या मशिनींच्या कामासाठी खऱ्या नावाचं खातं उघडलेलं होतं, ते बदलायचं राहिलं. परक्याने पाठवलेला बदल आधी कुणीतरी अडवायला हवा होता, पण दाराशी कुणी नव्हतंच, आणि तेही घोडकाठच्याच कृपेने. गेल्या वर्षी आठवडाभर भांडून त्यानेच सगळ्यांना पटवलं होतं: ‘दाराशी माणूस कशाला? माणूस उभा केला की तो नाव विचारणार, गाव विचारणार. दाराशी आपोआप होणारी परीक्षा बसवा. गणित बरोबर आलं की बदल आत.’ लोकांनी वा वा केली होती. परीक्षा बसवली गेली. आणि इम्रान शेखचं गणित तीत पहिल्या फटक्यात पास होऊन, कुणालाही न विचारता आत गेलं होतं.

पुसता येण्याची तर सोयच नव्हती. कुणी काय लिहिलं, कधी लिहिलं, सगळं तारीखवार नोंदलेलं राहतं आणि प्रत्येकाच्या मशिनवर त्याची प्रत असते. याचंही कौतुक घोडकाठनेच केलेलं. ‘आपल्यात कुणाचं लिहिलेलं कुणाला गुपचूप पुसता येत नाही,’ असं त्याने एकदा छाती पुढे काढून लिहिलं होतं, ‘पोथ्या सांभाळणाऱ्यांनी आपल्याकडून शिकावं.’ तेव्हा रविराजने उलट आवाज पाठवला होता, हसत हसत: “दादा, तुमचं हे सॉफ्टवेअर मोकळं असावं, मोकळं असावं, हे तुम्ही पुराव्यानं म्हणता का श्रद्धेनं? कुठल्या प्रयोगशाळेत सिद्ध झालंय ते? माझा गणपती आन् तुमचं मोकळेपण, दोन्ही मानायच्याच गोष्टी की.” दोन दिवस घोडकाठ कामावर मशिनीपुढे उभा राहून त्याचाच विचार करत होता, आणि शेवटी उत्तर न देता त्याने विषय विज्ञानाकडे नेला आणि ते वाक्य लिहिलं, ज्यावर सगळा ग्रुप फिदा झाला: ‘चंद्र कुणाच्या उपवासासाठी उगवत नाही.’ रविराजनेसुद्धा हात जोडले होते. पुढे कित्येक दिवस ते वाक्य लोक येता-जाता एकमेकांना ऐकवत. आता इम्रानने बसच्या खिडकीबाहेर बघत ते पुन्हा म्हणून पाहिलं. चंद्र कुणाच्या उपवासासाठी उगवत नाही. घोडकाठ. ठीक. मग त्याखाली खरं नाव ठेवून म्हणून पाहिलं. अक्षर न् अक्षर तेच होतं, आणि त्याच्या हाताला घाम फुटला.

तसं त्याने आपल्याही लोकांना कुठे सोडलं होतं? ईदचा चंद्र दिसला की नाही यावर एकदा वाद झाला तेव्हा त्याने लिहिलं होतं की मौलानांच्या साक्षी कशाला काढता, गणिताला विचारा. ते वाक्य उपवासाच्या वाक्याहूनही जास्त गाजलं. ‘फटकावलंत, दादा!’ असं पाच-सहा जणांनी लिहिलं होतं, आणि त्या फटकावलंतमध्ये काहीतरी असं होतं की इम्रानने त्या दिवशी फोन बंद करून ठेवला होता. म्हणजे हे बाहेर आलं तर इकडचेही विचारणार आणि तिकडचेही. मशिदीसमोरच्या बाकावर बसणारे अब्बांचे जुने दोस्त विचारणार, आणि ज्यांच्याबरोबर रोज डबा उघडतो तेही विचारणार. दोघांनाही आपण एकच गोष्ट सांगत होतो, हे कुणाला समजावून सांगायचं? ऐकायला थांबतंय कोण? मागे कुठल्याशा गावात मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एकाच्या स्टेटसवरून गडबड झाली, त्याचं दुकान संध्याकाळपर्यंत राहिलं नाही, असं बसमध्येच कुणीतरी सांगितलं होतं. स्टेटस काय होतं ते सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. ऐकणाऱ्यांपैकी कुणी विचारलंही नव्हतं.

“आज संकष्टी,” जयसिंग एकदम डोळे न उघडता म्हणाला. इम्रान दचकला. “व्हय,” त्याने कसंबसं म्हटलं. “बायकोचा फोन आलता. म्हणती त्या चंद्रोदयात टाइम बदललाय म्हणं, काय भानगड हाय बघा. तुला कळतं ना त्यातलं?” “मला?” “तुला म्हंजी, तू फोनात खुडबूड करत असतो.” जयसिंगने एक डोळा उघडला, हसला, पुन्हा मिटला. “न्हाई रे, मला काय कळतंय,” इम्रान म्हणाला, आणि हे खोटं इतक्या पटकन, इतक्या सहज तोंडातून गेलं की त्याला वाटलं, आपण हेच बोलायची तयारी कितीतरी वर्षांपासून करत होतो. बाहेर टेकड्या, उसाचे ट्रॅक्टर, भगवे झेंडे लावलेल्या दोन-चार मोटारसायकली वढूच्या बाजूला चाललेल्या. शाळेची सहल तिकडे गेली होती तेव्हा समाधीपुढे उभं राहून शंभूराजांची सगळी हकीकत तोंडपाठ म्हणून दाखवणारा पोरगा हाच होता, आणि गुरुजींनी पाठीवर थाप मारून सगळ्या वर्गाला सांगितलं होतं, बघा, इम्रान बघा. तेव्हा बघा म्हटल्याचा केवढा अभिमान वाटला होता. आज त्या शब्दाने अंगावर काटा आला.

घरी पोचल्यावर त्याने लॅपटॉप उघडला आणि तसाच बसून राहिला. बायको सबीनाने चहा आणून ठेवला. “क्या हुआ? चेहरा काहे को उतर्‍या?” “कुछ नै. कंपनी का काम.” “चाय ठंडी हो रई.” ती गेली. आत पोरीची उजळणी चालली होती, पाढे म्हणायचा तो एकसुरी आवाज. इम्रानला वाटलं की पोरगी आत्ता काहीतरी चुकेल, आणि ती चुकली नाही. ग्रुपमध्ये आता आणखी बोलणं झालं होतं. कुणीतरी त्या नावाचा शोध घ्यायला सुरुवात केली होती. या नावाची माणसं तर गल्लोगल्ली आहेत, असं एकाने लिहिलं, आणि दुसऱ्याने त्यावर, ‘तोच तर प्रॉब्लेम आहे.’ रविराज मध्येच म्हणाला होता, ‘भांडू नका. दादा बघतील.’ दादा बघतील. दादाने उत्तराच्या चौकटीत लिहिलं, ‘तो मीच.’ दोनच शब्द. ते पाठवायला बोटाचा नुसता स्पर्श पुरे होता. रविराज काय म्हणेल? कदाचित हसेल. कदाचित त्याचा तो खळखळता आवाज येईल, “अहो दादा, आधी सांगायचं न्हाई का?” येईलही. रविराज माणूस चांगला आहे. पण ग्रुपमधले बाकीचे? आणि रविराजसुद्धा, चांगला माणूस रविराजसुद्धा, मग मागे जाऊन सगळं पुन्हा वाचेल. चंद्र कुणाच्या उपवासासाठी. पोथ्या सांभाळणाऱ्यांनी. एकेक वाक्य नव्या नावाखाली धरून वाचेल, जसं बसमध्ये आपण वाचलं. आपल्यालाच घाम फुटला तर त्याला काय वाटेल? मग त्याला आठवलं की रविराजने मागे किती वेळा म्हटलं होतं, रांजणगावच्या गणपतीला येतोय, देवळाबाहेर भेटू, चहा घेऊ, तुमचं तोंड तरी बघू. दर वेळी इम्रानने पाळीचं कारण सांगितलं होतं. तेव्हा तर खरं नाव कुठे बाहेर आलं होतं? तेव्हाही तो भीतच होता की. फक्त भीतीला मोकळेपण म्हणत होता: इथे नाव-गाव कुणी विचारत नाही, बघा कसं छान.

त्याने ‘तो मीच’ पुसलं. मग जे केलं ते करताना त्याचे हात अगदी शांत होते, मशिनीचा बिघाड काढताना असतात तसे. जुन्या लॅपटॉपवर घोडकाठचं खातं उघडलं. इम्रान शेखचा बदल मागे घेतला. कारण लिहायची जागा होती, तिथे लिहिलं: अनोळखी व्यक्तीने परवानगीशिवाय केलेला बदल. कुणाची परवानगी? परवानगी लागतच नाही हे ज्याने भांडून मिळवलं त्यानेच हे लिहिलं. चंद्र पुन्हा ताऱ्यांइतका लांब गेला होता, सगळ्या गावांच्या वेळा पुन्हा चुकीच्या झाल्या होत्या, आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना त्या आता बरोबर वाटणार होत्या. हे मात्र त्याच्याने बघवेना. म्हणून त्याने तेच गणित, तेच, एकही आकडा न बदलता, पुन्हा भरलं. या वेळी खाली घोडकाठ. आणि ग्रुपला कळवलं: ‘त्या माणसाचं काढून टाकलं. मी नव्याने हिशोब केला. वेळा थोड्या पुढे जातील, त्याचं कारण असं.’ कारण त्याने सविस्तर दिलं, चंद्र कसा जवळ आहे ते.

त्याला वाटलं, कुणीतरी विचारेल. एखादा तरी दोन्ही बदल शेजारी ठेवून बघेल. सगळं उघडं आहे, कुणीही वाचावं म्हणूनच उघडं ठेवलं आहे. दोन्ही ठिकाणी तेच आकडे, त्याच ओळी. नुसतं बघितलं की झालं. तो स्क्रीनसमोरून उठला नाही, आणि त्यात थोडीशी, अगदी थोडीशी आशाही होती. उत्तरं लगेच आली. ‘दादा, तुम्ही होता म्हणून.’ ‘किती सोपं करून सांगितलंत.’ ‘याला म्हणतात अभ्यास!’ लाल चेहरे गेले, फुलं आली. आणि मग रविराजचा आवाज, दमलेला, मागे कुठेतरी गाडीची शिट्टी: “दादा, लय घाबरलो होतो मी. आईचा उपास असतो, तिला मीच टाइम सांगतो. चुकीचा सांगितला असता तर? तुमचे उपकार हायेत बघा. आन् एक ठरवलंय. ती परीक्षा-बिरीक्षा बास झाली. आता दाराशी तुम्हीच बसा. नवीन कुणी आला की आधी तुम्ही बघायचं, कोण हाय, कुठला हाय, मगच आत.” इम्रानने तो आवाज कानाला लावून पुन्हा ऐकला. लय घाबरलो होतो. त्यालाही भीती होती म्हणजे. कुणाची? आपली. आपण इथे त्याला भीत बसलो होतो आणि तो तिथे आपल्याला. त्याला रडू आलं असतं, पण सबीना आत होती. ‘बरं,’ त्याने लिहिलं. घोडकाठ दाराशी बसला.

तो गच्चीवर गेला. ऊन कलायला लागलं होतं, घोड नदीकडून थंडी वर चढत होती. या गच्चीला चंद्राची सवय होती. अब्बा, रहीम घड्याळवाले, इथेच उभे राहून ईदचा चंद्र धरायचे. त्यांची नजरच तशी, दिवसभर घड्याळांच्या बारीक चाकांत घातलेली, आणि संध्याकाळी तीच नजर आभाळात. चंद्राची कोर त्यांनाच आधी दिसायची, मग मशिदीत कळायचं. आणि संकष्टीला पलीकडच्या गच्चीवरून सिंधूबाई विचारायची, “रहीमभाऊ, आला का वर?” अब्बा सांगायचे. अब्बा गेले त्या महिन्यातही संकष्टी आली, आणि सिंधूबाईने सवयीने हाक मारली, मग मध्येच गप्प झाली, मग हलकेच म्हणाली, “इम्रान, आता तूच सांग रं बाबा.” तेव्हापासून तोच सांगत होता. खरं तर त्यासाठीच तो त्या गणितात शिरला होता, नंतर चंद्रोदयात आणि नंतर त्या सगळ्या भांडणात. ग्रुपला हे कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आडनावही सांगावं लागलं असतं.

“इम्रान, ए इम्रान!” सिंधूबाई कठड्याशी आली होती, हात पिठाचे. “आज कवा हाय रं? मोदक वळायला घिऊ का?”

“फोनात बघायचं ना मावशी, तुमच्या बी फोनात टाकून दिलंय की.”

“त्यातलं मला काय दिसतंय? तू सांग.”

“पावणेनऊ.”

सिंधूबाई वळली आणि खालच्या गल्लीकडे तोंड करून तिने आवाज टाकला. तिचा आवाज बाजाराच्या दिवशीसुद्धा ऐकू जाईल असा. “अगं सविता! पावणेनवाला हाय गं! समोरच्यास्नी बी सांग!” खालून कुणीतरी विचारलं, “कोण सांगतंय?”

“इम्रान सांगतोय! आपला इम्रान शेख! रहीमभाऊचा!”

नाव गल्लीभर गेलं. पिठाच्या गिरणीवरून, शाळेच्या भिंतीवरून, कोपऱ्यावर मोटारसायकली लावून उभ्या असलेल्या पोरांवरून. त्यातल्या एकाने वर पाहिलं. नुसतंच पाहिलं असेल. नाव ऐकलं की माणूस वर बघतोच. पण इम्रान कठड्यामागे खाली वाकला, जणू काही उचलायला.

“मावशी,” तो तिथूनच दबक्या आवाजात म्हणाला, “नाव नका घेऊ.”

“आँ?”

“माझं नाव नका घेऊ. नुसती वेळ सांगा.”

सिंधूबाईने कठड्यावरून वाकून त्याच्याकडे पाहिलं. तिला यातलं काहीच कळलं नव्हतं, आणि चेष्टा असेल म्हणून ती हसायच्या बेतात होती, पण त्याचं तोंड बघून हसली नाही.

“नाव न्हाई सांगितलं,” ती म्हणाली, “तर खरी कशी धरतील रं बायका?”

तो जिन्याकडे गेला. खाली गल्लीत या दारातून त्या दारात पावणेनऊ, पावणेनऊ चाललं होतं, आणि त्यामागोमाग त्याचं नाव. एकेक पायरी उतरताना तो थांबून ऐकत होता, आता कुणाच्या तोंडी आहे ते.